लेक घरी आली, पण गाव अजून दारातून हलत नाहीये

(पत्रातलं गाव, शाळा, वय, नात्यातली माणसं, ओळखू येईल असं सगळं मी काढलंय किंवा बदललंय. मजकूर थोडा आखूड केलाय, बाकी शब्द त्या माऊलीचेच आहेत.)

ताई नमस्कार,

तुमचं सदर मी मोबाईलवर नेहमी वाचते पण आपल्यावर लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. आमचं गाव सुरत लाईनवरचं, खान्देशातलंच. मागच्या महिन्यात माझी लेक, सहावी-सातवीतलं पोर समजा, घरातून निघून गेली. तिच्या हातून बापाचा मोबाईल हौदात पडला, यांनी रागात दोन लगावल्या आणि आता तुझी शाळा बंद म्हणाले. दुपारी दप्तर घेऊन निघाली ती आलीच नाही. तीन दिवस ताई. सगळं गाव उलटलं होतं, केळीच्या बागा पाहिल्या, नाला पाहिला, पोरांनी विहिरीत गळ टाकले. ते गळ वर यायचे तेव्हा मी डोळे मिटून घ्यायची. तिसऱ्या दिवशी सुरतेहून फोन आला. तिला उधन्याला आत्याकडे जायचं होतं, गाडीत झोप लागली, उधना निघून गेलं, सुरतला उतरली. तिथे रेल्वे पोलिसातल्या बाईंनी तिला पाहिलं आणि त्याच रात्री बालगृहात सोडलं, पण भीतीने तिने दोन दिवस गावाचं नावच सांगितलं नाही.

आणली तेव्हा रात्रीचे बारा वाजले होते, सगळा गाव चौकात. म्हाताऱ्या 'पोर सापडनी व माय' करत रडत होत्या, पोरांनी फटाके फोडले. आणि दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. कोणी म्हणे खरंच तीन दिवस तिथेच होती का, कोणी म्हणे डॉक्टरला दाखवलं का, कोणी म्हणे पोलिसांनी अपहरणाचा गुन्हा लिहिलाय म्हणजे कोणीतरी नेलीच असेल, हे लोक लपवताय. एक यूट्यूबवाला माईक घेऊन थेट ओट्यावर आला. सरपंचांना मारुतीच्या पारावर तिचा सत्कार करायचाय. मोठी नणंद म्हणते दाखला काढा आणि मामाकडे टाका, आंडेरनी जात शे (पोरीची जात आहे), उद्या लग्नाला अडेल. दोन वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीतला मुलगा असाच पळून मनमाडला सापडला होता, त्याला खांद्यावर घेऊन नाचले, आजही त्याला हसून विचारतात की काय रे मुंबई पाहिली का. माझ्या लेकीला कोणी हसून विचारत नाही. शेजारणीने तिच्या पोरीला आमच्याकडे पाठवणं बंद केलंय.

अजून एक, हे मी कोणाजवळ बोलले नाही. ती हरवल्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पोरांनी केसांवर भांडी देणाऱ्या एका फेरीवाल्याला पकडून मारलं, त्याच्या सायकलीवरची भांडी फोडली, पोलीस वेळेवर आले म्हणून वाचला. आता कोणी त्याचं नावही काढत नाही.

आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर आलीये. सगळ्या नणंदा, गावच्या लेकी माहेरी येतील, पुन्हा सगळं उकरतील. लेक फार बोलत नाही. परवा मात्र कळण्याच्या दोन भाकरी खाल्ल्या ठेच्यासोबत. काय करू सांगा.

– एक आई

---

ताई,

चार पानांच्या पत्रात तुम्ही गाव काय म्हणतं ते साडेतीन पानं लिहिलंय आणि लेक काय करते ते दोन ओळी, आणि मी त्या दोनच ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. कळण्याच्या दोन भाकरी खाल्ल्या. बस, मला तेवढ्यावरून कळलं की पोर घरात परत येतेय. शरीराने त्या रात्रीच आली, पण पोराला भूक लागते ना आपल्या घरातली, आपल्या तव्यावरची, तेव्हा ते खरं आलं म्हणायचं. तेव्हा आधी हे मनात धरा की तुमच्या घरातलं काम नीट चाललंय, बिघडलंय ते ओट्याच्या बाहेर, आणि बाहेरचं आवरता येतं.

गावावर चिडू नका असं मी म्हणणार नाही, चिडा, पण आधी त्यांना काय झालंय ते समजून घ्या म्हणजे उत्तर द्यायला सोपं जाईल. तीन दिवस ज्या माणसांनी विहिरीत गळ टाकले त्यांनी मनातल्या मनात काय ठरवलं होतं ते तुम्हालाही माहितीये आणि मलाही. गळाला काहीतरी लागणार याची त्यांनी तयारी केली होती, घरी बायकांना सांगून आले होते की काही खरं नाही. आणि पोर तर चालत गाडीतून उतरली, अंगावर तोच शाळेचा ड्रेस, हातात दप्तर. पहिली रात्र आनंदाची गेली, तो आनंद खरा होता हो, त्या म्हाताऱ्या खोटं नव्हत्या रडत. पण सकाळी उठल्यावर तीन दिवसांची ती भीती जायची कुठे? मग ती प्रश्न होऊन बाहेर येते. एवढं झालं म्हणजे काहीतरी मोठं घडलेलंच असणार, बापाने दोन थापडा मारल्या आणि गाडीत झोप लागली एवढ्याशा गोष्टीसाठी आम्ही तीन रात्री जागलो का, हे माणसाच्या मनाला पटत नाही, म्हणून ते अजून काहीतरी शोधत बसतात. वर प्रत्येकाला वाटतं की मी शोधायला गेलो होतो म्हणजे मला विचारायचा हक्क आहे.

तो हक्क त्यांना नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे ताई: गावाचे आभार तुम्ही देणं लागता, हकीकत देणं लागत नाही. या दोन गोष्टी आपल्याकडे एकत्र कालवल्या जातात आणि त्यात पोराचं मरण होतं. आभार भरभरून द्या, दारोदार जाऊन द्या, ज्याने रात्री ट्रॅक्टर काढला, ज्याने विहिरीत उतरायला दोर आणला, ज्या बाईने तीन दिवस तुमच्या घरी डब्बा पाठवला, त्या प्रत्येकाच्या घरी तुम्ही दोघं नवराबायको जाऊन या, पेढा द्या, पाया पडण्यासारखं माणूस असेल तर पाया पडा. लेकीला सोबत नेऊ नका. आणि कोणी विचारलं की मग काय झालं होतं नक्की, तर सगळ्यांना एकच वाक्य, रोज तेच, शब्द न बदलता: "पोर सुखरूप आहे, तुम्ही जिवाचं रान केलं, तुमचे उपकार फिटायचे नाहीत, पण ती गोष्ट आम्ही आता घरात काढत नाही." आणि लगेच दुसरा विषय, चहा टाका, कापसाला काय भाव गेला यंदा विचारा. सासूबाई घरात असतील तर त्यांनाही हेच शिकवून ठेवा, म्हाताऱ्या माणसाला अहिराणीतून विचारलं की ती विरघळते आणि मग सगळं सांगून बसते. त्यांनी म्हणायचं, ती गोट आते नका काढू माय. शब्द बदलला ना, की माणसं दोन उत्तरं शेजारी शेजारी ठेवून तिसरी गोष्ट तयार करतात.

आता ते अपहरणाच्या गुन्ह्याचं. हे तुम्ही नीट समजून घ्या कारण गावातली अर्धी चर्चा याच्यावर उभी आहे आणि ती नुसत्या अज्ञानावर आहे. अठरा वर्षांच्या आतलं कोणतंही पोर हरवलं, मुलगा असो मुलगी असो, स्वतः पळालेलं असो की रस्ता चुकलेलं, पोलीस अज्ञात व्यक्तीविरुद्ध अपहरणाचाच गुन्हा लिहितात. पूर्वी ते कलम ३६३ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १३७ आहे. हे असं का, तर १० मे २०१३ ला सुप्रीम कोर्टाने बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सांगितलं की हरवलेलं प्रत्येक पोर पळवलेलं आहे असं धरूनच तपासाला लागा. त्याआधी काय व्हायचं, तर नुसती मिसिंगची नोंद करून कागद पडून राहायचा, येईल दोन दिवसांत म्हणून. म्हणजे तुमच्या लेकीच्या कागदावर अपहरण लिहिलंय ते कोणी नेलं म्हणून नाही, ती लहान आहे म्हणून. मनमाडला सापडलेल्या त्या मुलाच्या कागदावरही तेच लिहिलेलं असणार, त्याच्या आईला कोणी विचारलं का? गावातला एखादा शहाणा माणूस असेल, निवृत्त मास्तर, पोलीस पाटील, ज्याचं चार लोक ऐकतात, त्याच्या कानावर एवढं घाला. तो पारावर बोलला की तुम्हाला बोलावं लागत नाही.

आणि तीन दिवस खरंच तिथेच होती का, याचंही. स्टेशनवर एकटं पोर दिसलं की रेल्वे सुरक्षा दलाचे लोक त्याला ताब्यात घेतात, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे उभं करावं लागतं, तो कायदाच आहे, २०१५ चा बाल न्याय कायदा. समितीच्या हुकमानेच बालगृहात ठेवतात, समितीच्या हुकमानेच आईबापाच्या हाती देतात, आणि तुम्ही आणायला गेलात तेव्हा आधार कार्ड, रेशन कार्ड, फोटो सगळं पाहून सह्या घेतल्याच असतील. बालगृहात घेताना तब्येत तपासतातच. त्यामुळे तुमच्या मनात रात्री कधी किडा वळवळला तर तो तिथल्या तिथे मारून टाका, तुमची लेक तुम्ही इकडे विहिरी पाहत होता तेव्हा सुरतेत छताखाली दोन वेळचं जेवून झोपत होती. पण हे कागद काढून लोकांना दाखवत बसू नका. ज्याला विश्वास ठेवायचा नाही तो शिक्का पाहूनही ठेवणार नाही, आणि एकदा पुरावा दाखवायला लागलात की लेक आरोपी झाली. डॉक्टरला दाखवलं का, हा प्रश्न ज्या बाईने विचारला तिला तर तुमचं ते नेहमीचं वाक्यही देऊ नका. सरळ सांगा, हे विचारायचं नाही. आवाज न चढवता, पण डोळ्यात डोळा घालून.

त्या यूट्यूबवाल्याला पुन्हा ओट्यावर चढू देऊ नका. अशा पोराचं नाव, फोटो, शाळा, गाव, ओळख पटेल असं काहीही छापणं, दाखवणं याला त्याच कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पळून गेलेलं किंवा हरवलेलं पोर त्या कायद्यात काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकात मोडतं, म्हणून हे तिलाही लागू आहे. त्याला हे कलम नंबरासकट सांगा, बहुतेक माईक गुंडाळतो. त्याने आधीच व्हिडिओ टाकला असेल तर ठाण्यात लेखी द्या.

तुमच्या घरच्यांनीच पहिल्या दिवशी फोटो आणि फोन नंबर टाकून जो मेसेज फिरवला होता, त्याचं काय केलं? ते पत्रात नाही आणि माझ्या अनुभवाने लोक हेच विसरतात. तो मेसेज अजून फिरतोय हे धरून चाला. मला स्वतःला एका मुलाचा हरवल्याचा मेसेज दरवर्षी एकदा तरी येतो, तो मुलगा केव्हाच सापडलाय, आता मिशा फुटल्या असतील त्याला, पण लोकांच्या मोबाईलमध्ये तो अजून आठ वर्षांचाच आहे आणि निळ्या शर्टात हरवलेलाच आहे. तुमच्या लेकीचं तसं होऊ देऊ नका. ज्या ज्या ग्रुपवर टाकला होता तिथे आज दोन ओळी टाका, "आमची मुलगी सुखरूप घरी आली, आधीचा फोटो व मेसेज सगळ्यांनी डिलीट करा, पुढे पाठवू नका." यात नाव नको, फोटो नको. भाऊबंदांच्या स्टेटसला असेल तिथून काढायला लावा, चौकात कागद चिकटवले असतील तर भाच्याला पाठवून पाण्याने भिजवून खरडून काढा. ठाण्यात जाऊन हेही विचारा की सरकारी मिशन वात्सल्य पोर्टलवर (आधीचं ट्रॅकचाइल्ड) सापडल्याची नोंद केली का. ज्या पोरीला शाळेच्या रस्त्यावर विजेच्या खांबावर स्वतःचा चेहरा रोज दिसतो ती कशी विसरेल सांगा.

सत्काराला नाही म्हणा. सरपंचांचा हेतू चांगला असेल, मी नाही म्हणत नाही, पण बारा वर्षांच्या आतबाहेरच्या पोरीला पारावर उभं करून गळ्यात हार घालायचा आणि खाली तीच माणसं बसलेली जी पाठीमागे कुजबुजताय, हे तिला सोसणार नाही. त्यांना सांगा सत्कार करायचाच तर विहिरीत उतरलेल्या पोरांचा करा. नवसाचं वेगळं आहे. आजी कानबाईला बोलली असेल तर श्रावणात रोट करा मनापासून, वणीच्या गडावर कोणी पायी जायचं बोललं असेल तर त्याने जावं. आजी संध्याकाळी मीठमिरची घेऊन दृष्ट काढते का? काढू द्या. पोराला त्यात कळतं की मी कोणाला तरी हवी आहे.

माझ्या चुलत भावाची गोष्ट सांगते. सारंगखेड्याच्या यात्रेत तो हरवला होता, सात-आठ वर्षांचा असेल, मी त्याच्याहून लहान. आमची बैलगाडी रात्रभर नदीकाठी थांबून होती, काकू वाळूत बसून कपाळ बडवत होती. सकाळी तो एका घोडेवाल्याच्या तंबूत सापडला, घोंगडी पांघरून गाढ झोपलेला, हातात गुडीशेवेचा पुडा तसाच. आनंदाने सगळ्या गावाला जेवण घातलं काकांनी. त्यानंतर चाळीस वर्षं त्याची ओळख हीच, हा तो यात्रेत हरवलेला. लग्नात व्याह्यांनी हसत हसत विचारलं होतं म्हणे, आता तर नाही ना हरवत जावई? सगळे हसले, तोही हसला. एवढ्यात कधीतरी मला म्हणाला, ताई, त्या रात्री मला भीती नव्हती वाटली, त्या घोडेवाल्याने मला दूध दिलं होतं, पण तुम्ही लोकांनी इतक्या वेळा विचारलं की मग मला वाटायला लागलं काहीतरी वाईट झालं असेल माझ्याबरोबर. मुलगा होता तो, ज्याच्याकडे सगळे हसून पाहत होते, आणि तरी त्याच्या मनाचं हे झालं. मुलीकडे तर तुम्ही लिहिलंत तसं कोणी हसूनही पाहत नाही. म्हणून म्हणते, विचारणं थांबवा, तुमच्या घरातलंही. तुम्हीही विचारू नका. भाजी निवडताना, वेणी घालताना, डाळ निसताना ती आपोआप एखादं वाक्य बोलेल, बालगृहातल्या खिचडीबद्दल, तिथे भेटलेल्या पोरीबद्दल, तेव्हा फक्त हं म्हणा आणि हात चालू ठेवा. हात थांबवून तिच्याकडे पाहिलंत तर ती गप्प होईल. महिनाभराने झोप लागत नसेल, दचकत असेल, शाळेला जायलाच नको म्हणत असेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात समुपदेशक असतात, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे तो कक्ष आहे, किंवा १०९८ ला फोन करा. त्यात लाज काही नाही.

एक बोलणं मात्र घरात व्हायलाच पाहिजे आणि ते तिच्या बापाचं. तुम्ही यांच्याबद्दल एकच ओळ लिहिलीये, पुढे ते पत्रात कुठेच नाहीत. मला वाटतं ते घरातही असेच असतील, बसलेले पण नसलेले. त्यांना आतून खातंय की माझ्या दोन थापडांनी पोर गेली. त्यांनी तिला सांगायला हवं, स्वतःच्या तोंडाने, मी चुकलो बेटा, मोबाईल गेला तर गेला, शाळा तुझी बंद होणार नाही. भाषण नको, एवढंच. आणि मग ते खरं करून दाखवायचं, म्हणजे यांनीच तिला सायकलीवर नाहीतर मोटरसायकलवर शाळेत सोडायचं काही दिवस, गावातून, सगळ्यांसमोरून. बाप पोरीला मागे बसवून ताठ मानेने चौकातून जातो ना, तेव्हा लोकांची निम्मी तोंडं बंद होतात, कोणाला काही समजवावं लागत नाही. आणि म्हणूनच नणंदेचं ऐकू नका. दाखला काढून मामाकडे टाकलीत तर लोक म्हणतील बघा, काहीतरी होतंच, आणि पोर म्हणेल मी पळाले म्हणून मला घरातून काढलं. ज्या घराची तिला भीती वाटली होती त्याच घरात तिला आता आपली जागा पक्की आहे हे कळायला हवं. वर्गशिक्षकांना एकटं भेटा, पोरं चिडवत असतील तर कोण ते सांगा, आणि मधल्या सुट्टीत ती कोणाजवळ बसते ते बघायला सांगा. नणंदेला मात्र प्रेमाने सांगा, तुमच्या भाचीची काळजी म्हणूनच बोलताय तुम्ही, पण लग्न अडेल हे शब्द या घरात परत नको. तिच्या समोर तर नाहीच नाही.

आता त्या फेरीवाल्याचं. तुम्ही ते पत्राच्या शेवटी, हळूच लिहिलंय, आणि मला वाटतं तुम्हाला सगळ्यात जास्त तेच टोचतंय. टोचायलाच पाहिजे, तुम्हाला एकटीला नाही, सगळ्या गावाला. ताई, राईनपाडा आठवतं का? साक्री तालुक्यातलं, आपल्याच धुळे जिल्ह्यातलं. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. जास्त करून सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, पोटासाठी भिक्षा मागत फिरणारे, पोरं पळवणारी टोळी समजून जमावाने त्यांना मारलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं, पाचही जण गेले. कोणाचं पोर हरवलंही नव्हतं तिथे, नुसते व्हॉट्सॲपवरचे व्हिडिओ आणि मेसेज फिरत होते की टोळी आलीये. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण पाच घरात बायका, पोरं रडली ती रडलीच. मी तेव्हा धुळ्यात होते, कित्येक दिवस आमच्या गल्लीत कोणी भंगारवाला, वासुदेव, कोणी फिरकलं नाही, ती दुपारची शांतता मला अजून आठवते, कोणाचीच हाळी नाही.

तुमच्या गावात तेच व्हायचं राहिलं. पोलिसांची गाडी अजून उशिरा आली असती तर आज तुमच्या लेकीच्या परत येण्याला एका माणसाच्या मरणाचा डाग लागला असता, जन्मभर. आणि तुमची लेक तेव्हा सुरतेत जेवत होती. मला माहितीये तुम्ही मारायला सांगितलं नाही, तुम्ही तर शुद्धीवरही नसाल. पण मारलं ते तुमच्या पोरीच्या नावाने. म्हणून माझं सांगणं हे की त्या माणसाला शोधा. हे फेरीवाले ठरलेल्या गावांनी फिरतात, आठवडे बाजारात त्यांची ओळख असते, ठाण्यात त्याचा जबाब झाला असेल तर तिथूनही निरोप जाईल. तुम्ही आणि यांनी जाऊन त्याची माफी मागा. मारलं ती पोरं येत असतील तर त्यांनाही घेऊन जा, नसतील येत तर तुम्ही दोघं जा. किती भांडी फुटली, सायकलीचं काय झालं, दवाखान्याला किती लागले ते विचारा आणि भरून द्या, गावातून वर्गणी निघाली तर उत्तम, फटाक्यांना निघाली होती ना. त्याला पोलिसांत तक्रार करायची असेल तर तो त्याचा हक्क आहे, ती मागे घे म्हणून एक शब्द बोलू नका, पैसे त्यासाठी देतोय असं त्याला वाटता कामा नये. गावात काही लोकांना हे आवडणार नाही, म्हणतील झालं गेलं, कशाला उकरता. तुम्ही उकरा. लेकीची गोष्ट झाकायची आणि ही उघडायची, आपल्याकडे बरोबर उलटं चालतं. आणि लेकीला हे कळू द्यायचं का, तर तिला ते शाळेत कळलेलं असणारच, पोरं अशा गोष्टी पहिल्या सांगतात. तिला वाटत असेल माझ्यामुळे त्याला मारलं. तेव्हा एवढं तिला जरूर सांगा की मारणं ही मोठ्या माणसांची चूक होती, तुझी नाही, आणि आम्ही त्याच्याकडे जाऊन आलो.

शेजारणीबद्दल एवढंच, तिच्यावर रुसू नका. ती घाबरलीये, तिला वाटतंय आपली पोर पण असं काही शिकेल. तीन दिवसांत एकदा तरी ती तुमच्या उशाशी बसली असेल, आठवून बघा. तिच्याकडे स्वतःहून वाटीभर काहीतरी घेऊन जा, बिबड्या, कुरडया, सध्या वाळवणं चालूच असतील, आणि तिच्या पोरीला विचारा, येते का गं लाटायला.

आखाजीची तुम्ही धास्ती घेतलीये, पण मला तर वाटतं तोच तुमचा दिवस आहे. माहेरी आलेल्या लेकी म्हणजे काय, त्यांनाही माहितीये घर सोडून जाणं काय असतं आणि परत उंबरा ओलांडताना पोटात काय होतं. त्यातली एखादी कुजकट असेल, तिला तुमचं ते ठरलेलं वाक्य आहे. यंदा झोका तुमच्या दारात बांधा. लिंबाचं झाड नसेल तर माळवदाच्या कडीला बांधा, यांनाच बांधायला लावा, दोर नवा आणा, दुहेरी. आदल्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या पोरींना तुमच्या लेकीने जाऊन सांगू दे, नाही जायचं म्हणाली तर तुम्ही सांगा. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस जास्तीचा करा, कोणी आलं तर कमी पडायला नको. पहिले दोन-चार तास कदाचित कोणी येणार नाही, तुमची लेक एकटीच बसेल झोक्यावर, पाय टेकवून, तेव्हा आत जाऊन रडू नका, तिथेच ओट्यावर गहू निवडत बसा. संध्याकाळी ऊन उतरलं की पोरींना झोका दिसतो आणि मग कोणाच्या आया काय म्हणतात ते त्या ऐकत नाहीत.

मला कळवा कोण कोण आलं ते.

तुमची ताई